दुसरं पान

‘नाही’ कसं ऐकायचं हे धोंडबा गजभियेला मी शिकवलं. नोकरीच्या तेहतीस वर्षांत मी दुसऱ्या कुणाला काही शिकवल्याचं आठवत नाही. हाताखालच्या कारकुनांवर मी नुसता ओरडत असे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी आस्थापना विभागात हेडक्लार्क होतो आणि धोंडबा कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करणाऱ्या टोळीत होता. वर्षातून दोनदा तो माझ्या टेबलापाशी रजेचा अर्ज घेऊन यायचा. अंगठा लावायचा नाही, सही करायचा. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि वर्षभरात अक्षरं गिरवून गिरवून सही शिकला. सही करताना जीभ दातांत धरायचा, आणि झाली की कागद हातभर लांब धरून बघायचा. आम्ही बाबू लोक त्यावर हसत असू. मी जरा जास्तच हसत असे.

सत्तावन्न साली त्याला मुलगी झाली. तिचं नाव विशाखा ठेवलं. बुद्धाच्या काळातली कोणी मोठी बाई होती म्हणे. हे त्याने मला मी न विचारता सांगितलं. तिच्या आधीची दोन मुलं हातपाय दुखतात म्हणून रडत रडत गेली होती, एक चौथ्या वर्षी आणि एक सातव्या. कशाने गेली हे कुणाला कळलं नाही. विशाखा तीन वर्षांची झाली आणि तिलाही तेच सुरू झालं.

नागपूरच्या रामदासपेठेत तेव्हा मुंडले नावाचे एक तरुण डॉक्टर दवाखाना टाकून बसले होते. त्यांनी पोरीचं रक्त तपासलं आणि आजाराला नाव दिलं: सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. औषध काही नाही. पाणी पाज, शेक दे, फारच झालं तर दवाखान्यात भरती कर. पोरगी या सगळ्यासकट शिकत होती. महिन्यातले दहा दिवस खाटेवर, वीस दिवस शाळेत, तरी वर्गात पहिली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. खाटेवर पडल्या पडल्या ती मिळेल तो कागद वाचायची, वाण्याच्या पुडीचासुद्धा.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मुंडले डॉक्टरांनी परदेशी मासिकात वाचलं की या आजारावर एका औषध कंपनीच्या गोळीचे प्रयोग चालले आहेत. तिकडे, सातासमुद्रापार, निवडक रोग्यांवर. बाजारात गोळी नव्हती. आपल्याकडे प्रयोगही नव्हता, म्हणजे त्यात नाव घालायची सोय नव्हती. डॉक्टरांनी हे धोंडबाला नुसतं माहिती म्हणून सांगितलं. धोंडबा दुसऱ्या दिवशी माझ्या घरी हजर.

“बाबूजी, तुमची इंग्रजी चांगली आहे म्हणते सगळे. त्या कंपनीले एक चिठ्ठी लिहून द्या ना.”

तो दाराबाहेर उभा होता. आत ये म्हणायला मला दीड वर्ष लागलं, हेही सांगून टाकतो. माझी बायको सुमती त्याला बाहेरच चहा द्यायची, कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. धोंडबा चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवायचा आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी चिठ्ठी लिहिली. दया आली म्हणून लिहिली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे रजेचे अर्ज आणि कॅन्टीनच्या तक्रारी लिहून माझी इंग्रजी गंजली होती, आणि इथे पहिल्यांदा काहीतरी मोठं हाती आलं होतं. सगळी पत्रं मी मुंडले डॉक्टरांच्या नावाने लिहायचो, ते खाली सही करायचे.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. कळवण्यास खेद वाटतो, प्रयोगाबाहेरच्या रुग्णांना औषध देता येत नाही. धोंडबाचा चेहरा पडला. तेव्हा मी त्याला माझा नियम सांगितला.

“धोंडबा, ऑफिस पहिल्यांदा नाहीच म्हणतं. माणूस किती चिवट आहे ते बघतं. नकाराचं पत्र पहिल्या ओळीपुढे वाचायचंच नसतं, पुढे सगळी मलमपट्टी असते. फाईलला लावायचं आणि पुन्हा लिहायचं.”

“म्हणजे नाही म्हणजे नाही नसते?”

“नाही म्हणजे अजून नाही.”

त्याला हे इतकं पटलं की टोळीत सगळ्यांना सांगत सुटला. आणि नियम खरा ठरत गेला, हे माझं दुर्दैव. दुसऱ्या पत्राला पुन्हा वाटाण्याच्या अक्षता. तिसऱ्या पत्रात मी पोरीचे मार्क लिहिले, गेलेली दोन भावंडं लिहिली, आणि विचारलं की प्रयोगाबाहेर एखाद्याच रुग्णासाठी, त्याच्या डॉक्टरच्या जबाबदारीवर, काही वाट आहे का. वाट होती. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, एवढंच. कंपनीने कळवलं: उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी जबाबदारी घ्यावी, दर महिन्याला अहवाल पाठवावा, त्यात डोळे आणि पायांची संवेदना तपासून लिहावी, आणि तुमच्या सरकारची परवानगी आणावी. म्हणजे औषध विनामूल्य देऊ.

मग दिल्ली. रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, थोड्या प्रमाणात परदेशी औषध मागवायची परवानगी मिळते. पण अर्ज, डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्या किती आणि किती दिवसांच्या, सगळं जुळावं लागतं. पहिला अर्ज परत आला, दुसरा परत आला. मी दोन्ही फाईलला लावले आणि तिसरा लिहिला. परवानगी विशाखाच्या नावाने आली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. धोंडबाने नव्हे, मी.

शेवटी एक प्रतिज्ञापत्र होतं. हे औषध अजून सिद्ध झालेलं नाही, अपाय होऊ शकतो, हे मला समजावून सांगितलं आहे आणि मी माझ्या मुलीसाठी स्वखुशीने घेत आहे. मी ते धोंडबाला मराठीत वाचून दाखवलं, पण भराभर. त्याने जीभ दातांत धरून सही केली, कागद लांब धरून बघितला.

“आली ना गा नीट?” त्याने शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला विचारलं.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत पहिलं पार्सल आलं. त्यानंतरचं दीड वर्ष मी कुणाकडूनही हिसकावून घेऊ देणार नाही. विशाखाचं दुखणं महिन्यातून दहा दिवसांवरून दोन दिवसांवर आलं. ती मॅट्रिक झाली, चांगल्या वर्गात. तिची आई अंजनाबाई रोज जेवण झालं की गोळी स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर ठेवायची. कॉलनीत धोंडबा मला बघून रस्त्याच्या पलीकडून नमस्कार करायचा. तेव्हा मी त्याला घरात घेतलं, खुर्चीवर बसवलं. कप मात्र तोच राहिला.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मुंडले डॉक्टर इंग्लंडला निघून गेले. जाताना त्यांनी कंपनीला माझा पत्ता कळवला, पत्रं आणि पार्सलं माझ्याकडे येतील म्हणून, आणि मला म्हणाले, “कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरकडे पोरीला दाखवत राहा.” मी गावातला एक डॉक्टर गाठला. तो पोरीला न बघता माझ्या अहवालाखाली सही करायचा. डोळे: ठीक. पाय: ठीक. हे मीच टाईप करायचो. ऑफिसच्या मशीनवर दर महिन्याच्या एक तारखेला, पगारपत्रकांच्या आधी.

त्या हिवाळ्यात विशाखा बापाला म्हणाली की पायाला मुंग्या येतात. धोंडबा माझ्याकडे आला, अहवालात लिहायचं का विचारायला.

“वेडा आहेस का? त्यांना बंद करायला कारणच पाहिजे असतं. तिला सांग, गप्प बस.”

त्याने तिला तसं सांगितलं. ती गप्प बसली.

पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये पत्र आलं. टाचणी लावलेली दोन पानं. कळवण्यास खेद वाटतो की यापुढे औषधाचा पुरवठा करता येणार नाही. पहिली ओळ वाचली आणि माझं रक्त सळसळलं. तीन वर्षांनी पुन्हा तेच! मी पत्र फाईलला लावलं आणि त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्र. धोंडबाला बोलावून विचारलं, गोळ्या किती उरल्या? अंजनाबाईने दर पार्सलातल्या थोड्या मागे टाकल्या होत्या. पाच महिने पुरल्या असत्या.

“चालू ठेव,” मी म्हणालो. “तोवर त्यांना नमवतो.”

“नाही म्हणजे अजून नाही,” धोंडबा हसला.

मे महिन्यात एका दुपारी अंजनाबाई धावत आली. त्या बाईने आजवर आमच्या घराची पायरी चढली नव्हती. विशाखा अनवाणी रस्ता ओलांडून हापशीवर पाण्याला गेली होती. नागपूरकडचा मे, डांबर वितळलेलं. घरी आली तेव्हा तळव्यांना डांबर चिकटलेलं आणि खाली हे मोठे फोड.

“बाबूजी, तिले समजलंच नाही! मी बोट लावलं तं म्हणते, माय, कुठं काय आहे वं? पोरीचे पाय मेले जी! ह्या गोळ्या बंद करू का?”

पत्र तेव्हा महिन्याभरापूर्वी आलेलं होतं. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, वरून तिसऱ्या फाईलीत.

“अशक्तपणा आहे,” मी म्हणालो. “गोळी बंद केली तर पुन्हा दुखणं सुरू होईल. थोरल्या दोघांचं काय झालं, विसरलीस?”

हे मी बोललो. तिच्या मेलेल्या मुलांची आठवण देऊन मी तिचं तोंड बंद केलं. ती पदराने तोंड पुसत निघून गेली आणि सुमती मला म्हणाली, एकदा कुणाला दाखवून तरी घ्या. मी तिच्यावरही ओरडलो.

दसऱ्याच्या सुमाराला विशाखाला फळ्यावरचं दिसेना. ती तेव्हा मास्तरीण होण्याच्या शिक्षणाला लागली होती. दिवाळीला पुस्तकातलं दिसेना. नागपुरात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं; अठरा वर्षांच्या पोरीला दोन्ही डोळ्यांत म्हाताऱ्यांसारखा मोतीबिंदू. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात पू झाला. तो डोळा गेला. सिकलसेलच्या पोरीच्या उजव्या डोळ्याला हात लावायला मग कुणी तयार होईना.

मी भडकलो. कंपनीला कोर्टात खेचतो म्हणालो. चार वर्षांचा सगळा पत्रव्यवहार उपसून बसलो, एप्रिलच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्यायला. त्या पत्राचा क्रमांक, कोण जाणे का, पहिल्या पानावर नव्हता, दुसऱ्या पानाच्या डोक्यावर टाईप केलेला होता. तो शोधायला मी पान उलटलं.

रुग्णाचं औषध हे पत्र मिळताच, त्याच दिवशी, थांबवावं. ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये पायांची संवेदना जाते आणि पुढे डोळ्यांत मोतीबिंदू होतो असं आढळलं आहे. लवकर थांबवल्यास बहुतेकांना सुधारणा होते. आपल्या अहवालांत अशी कोणतीही तक्रार नसल्याने आपली रुग्ण वेळेत वाचेल अशी आशा आहे.

वेळेत. एप्रिल ते दसरा, सहा महिने. मी पान पुन्हा जागेवर ठेवलं, टाचणी लावली, फाईल बांधली. धोंडबाला म्हणालो, कंपनी मोठी आहे, आपण हरू.

तो म्हणाला, “जाऊ द्या बाबूजी. सही मी केली होती. तुमी तं वाचून दाखवलं होतं मले, अपाय होऊ शकते म्हणून. चूक माझीच आहे.”

मी त्याचं म्हणणं खोडलं नाही. नीच माणूस किती सहज गप्प बसू शकतो याचा मला त्या दिवशी अनुभव आला. पुढे अंजनाबाई खंगली आणि दोन वर्षांत गेली. रोज त्या गोळ्या आपण स्वतः जिभेवर ठेवल्या, एवढंच ती शेवटी बोलायची.

ती गेल्यावर एका रविवारी धोंडबा बोलवायला आला. विशाखाला माझ्याशी बोलायचं होतं.

त्यांचं घर मी तोवर आतून पाहिलं नव्हतं. शेणाने सारवलेलं, स्वच्छ. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उजव्या डोळ्याने तिला उजेड-अंधार तेवढा कळत होता.

“बाबूजी, माझी फाईल वाचून दाखवता का? एवढी पत्रं माझ्यासाठी लिहिली तुमी. मी एकही वाचलं नाही. पहिल्यापासून वाचा. इंग्रजीतच वाचा, मले समजते.”

मला नाही म्हणता आलं नाही. पुढच्या रविवारी फाईल घेऊन गेलो. धोंडबाने चहा केला, बशीसकट नवा कप पुढे ठेवला आणि बाहेर अंगणात जाऊन बसला. मी वाचत गेलो. माझी पत्रं ऐकताना ती मध्येच हसायची. “काय छान लिहिता बाबूजी तुमी.” असं करत करत पंचाहत्तरचा एप्रिल आला. मी हळूच टाचणी काढली, बशीत ठेवली, दुसरं पान वेगळं केलं आणि मांडीखाली सरकवलं. पहिलं पान वाचलं.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.”

“बशीत टाचणी वाजली आता.” ती माझ्या दिशेला तोंड करून बसली होती. “एका कागदाले टाचणी काहून लावन कोणी, बाबूजी?”

बाहेर धोंडबा कुणाला तरी सांगत होता की बाबूजी आले आहेत, मोठ्याने बोलू नका. मी मांडीखालून पान काढलं. मी भराभर वाचायला लागलो, तर ती म्हणाली, नीट वाचा. मी नीट वाचलं. तारखेसकट.

तिने पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “मी सांगितलं होतं बाबाले. पायाले मुंग्या येऊन राहिल्या म्हणून. बाबा म्हणे, बाबूजी म्हणते बोलू नको.”

“विशाखा, मी धोंडबाला आज सांगतो सगळं.”

“खबरदार.” तिने आवाज चढवला नाही. “माझी माय गेली, माझे डोळे गेले. बाबापाशी आता एकच गोष्ट राहिली आहे, का एक मोठा माणूस त्याच्या पोरीसाठी लढला. ते तुमी घेऊन जासान? तुमचं मन हलकं करायले?”

मी पान टाचायला लागलो.

“पुढच्या रविवारी या,” ती म्हणाली. “हेच पान वाचायले.”

“किती दिवस?”

“पाठ होईपर्यंत.”

“तुला?”

“तुमाले.”

याला सात वर्षं झाली. मी निवृत्त झालो, नागपुरात सक्करदऱ्याला घर बांधलं, तरी रविवारी दोन बस बदलून खापरखेड्याला जातो. सुमतीला वाटतं मी उतारवयात सुधारलो. पान मला पहिल्या वर्षातच पाठ झालं. विशाखा म्हणते, कागद हातात धरा, आवाजावरून समजते मले. कधी ती ऐकता ऐकता दुखण्याने कण्हते, कारण दुखणं सगळं परत आलं आहे, महिन्यातले पंधरा दिवस. तरी ती मला मध्ये थांबू देत नाही. धोंडबा वस्तीत सांगतो की बाबूजी पोरीला इंग्रजी शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. तो चहा करतो, त्याच नव्या कपात देतो, आणि मी विसळायला उठलो तर कप माझ्या हातातून ओढून घेतो.

मागच्या रविवारी निघताना तो माझ्यामागे फाटकापर्यंत आला. आता त्याची पाठ वाकली आहे. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने माझ्या हातात दिला.

“बाबूजी, दुनियेत कुठं ना कुठं तरी नवीन औषध निघालं असन. तुमी लिहा ना एकडाव. नाही म्हणतीन पहिले, म्हणू द्या. मी सही करून ठेवली आहे.”

मी घडी उघडली. पूर्ण कोरा कागद. खाली उजव्या कोपऱ्यात त्याची सही, गिरवून गिरवून काढलेली.

“आली ना नीट?” त्याने विचारलं.

नीट आली आहे, असं मी म्हणालो.